काहीच लक्षात न ठेवणारा एडिटर

"मॅडम, असा एखादा एडिटर असतो का, जो काहीच लक्षात ठेवत नाही?"

प्रणिता मुळेने हे विचारलं तेव्हा मी फळा पुसत होते. अकराच्या बॅचची बाकीची पोरं जिना उतरून गेली होती. खाली रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि ती पर्स मांडीवर धरून शेवटच्या कॉम्प्युटरपाशी बसली होती.

त्या दिवशीचा विषयच एडिटरचा होता. वेबसाइटचा कोड ज्यात लिहायचा ते सॉफ्टवेअर म्हणजे एडिटर. मी जालन्यात गांधी चमनजवळ वेब डिझाइनचा क्लास घेत असे, आणि दर बॅचला हा एक दिवस गोंधळाचा जाई. कोणाला काळ्या पडद्याचा हवा, कोणाला अर्धा शब्द टाइप केला की उरलेला स्वतः पुरा करणारा. एखाद्या हिरोवरून भांडावं तशी पोरं भांडत. सगळ्यांचं म्हणणं एकच असे, की एडिटर हुशार पाहिजे. आपण कालपर्यंत काय केलं, कुठे थांबलो, हे त्याने ध्यानात ठेवलं पाहिजे. उलट मागणी करणारी ही पहिलीच.

मी म्हटलं, "काहीच म्हणजे?"

तिने बोटांवर मोजत सांगितलं. उघडल्यावर आधीची फाइल समोर यायला नको. अलीकडच्या फाइलींची यादी कुठे दिसायला नको. आणि नाव-पासवर्ड टाकून खातं उघडावं लागायला नको.

"मग साधं नोटपॅड आहे की," मी म्हणाले. "पण त्यात रंग नाहीत, चूक दाखवत नाही, काही नाही. आंधळ्यासारखं लिहावं लागतं."

"चालेल," ती म्हणाली. तेवढ्यात खाली स्कूटरचा हॉर्न वाजला, एकदाच आणि हळू. ती लगेच उठली.

प्रणिता तिशीची असेल. गणितात बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी वाशीमला शाळेत शिकवायची. तिचा नवरा शिरीष मुळे एका बियाणे कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता. प्रवेश घ्यायला तोच आला होता. माणूस नम्र. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. अभ्यासक्रम त्याने ओळ न ओळ वाचला आणि म्हणाला, हिचं डोकं चांगलं आहे मॅडम, घरी बसून गंजायला नको. मला बरं वाटलं. असे नवरे आमच्याकडे किती येतात? रोज तो तिला सोडायला येई आणि जेवणाच्या सुट्टीत न्यायला येई. गल्लीत स्कूटर उभी करून, डोक्यावरचं हेल्मेट न काढता बसून राही. बाकीच्या मुली तिला चिडवायच्या, नशीब काढलंस गं म्हणून. ती हसायची.

तिच्या त्या मागणीचा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता. बाईला घरच्यांच्या नकळत बाहेरची चार कामं घेऊन स्वतःची कमाई करायची असणार. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तसंच समजा, मॅडम." पण खरं कारण मला महिन्याभराने कळलं.

तिने घरचा लॅपटॉप एकदा क्लासला आणला. चार्जर नीट बसत नाही, एवढंच निमित्त होतं. मी चालू करून पाहिला. त्यात तोच सगळ्यांचा आवडता, हुशार एडिटर होता. खाली कोपऱ्यात खात्याचं नाव होतं, शिरीष. तिने गृहपाठाला केलेलं किराणा दुकानाच्या वेबसाइटचं पान उघडंच होतं. पान चांगलं जमलं होतं. मी खाली खाली जात वाचायला लागले आणि थांबले.

कोडच्या मधेमधे शेरे असतात. लिहिणाऱ्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला घातलेल्या टिपा. वेबसाइट पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत, फक्त कोड उघडणाऱ्याला दिसतात. त्या पानात तसे शेरे होते, शुद्ध मराठीत.

'हा टॅग बंद केला नाहीस. तिसऱ्यांदा सांगतो आहे.'

टॅग म्हणजे कोडमधली खूण, एकदा उघडली की बंद करावी लागते. त्या शेऱ्याच्या खाली, 'काल जेवणानंतर बराच वेळ काहीच टाइप झालं नाही. झोपली होतीस?'

आणि आणखी खाली, 'पुन्हा तेच. शेजारची आली होती का? खरं लिही.'

त्याखाली तिचं उत्तर होतं. 'झोपले होते. पुन्हा होणार नाही.'

मी मान वर केली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, दाराकडे पाहत होती.

"हे कोण लिहितं?"

"हे लिहितात. ऑफिसात बसून. मी यात टाइप केलं की त्यांना तिथे दिसतं. किती वेळ केलं, कधी थांबले, सगळं." तिने लॅपटॉप हळूच मिटला. "आधी घरात कॅमेरा लावणार होते. मग म्हणाले, त्यापेक्षा तू काहीतरी शीक. म्हणजे वेळही चांगला जाईल."

मी विचारलं, हात उचलतो का?

"नाही, मॅडम. कधीच नाही. मारलं असतं तर कोणाला सांगता तरी आलं असतं. आईला एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, जावई इतकं लक्ष देतात, आणखी काय पाहिजे तुला?"

मग तिने सगळं सांगितलं, अगदी खालच्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. फोन त्याच्या हातात. बाहेर जाणं त्याच्यासोबत. क्लासचे दोन तास एवढेच काय ते त्याच्या नजरेबाहेर, आणि तेही पुरते नाहीत. इथे केलेलं काम तिने पेनड्राइव्हवर घरी न्यायचं आणि त्याने रात्री तपासायचं, असा नेम होता. नाशिकला तिची कॉलेजातली मैत्रीण होती, भाग्यश्री. तिची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी होती. कोणाच्या तरी लग्नात भेटली तेव्हा प्रणिताने तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. भाग्यश्री म्हणाली होती, मैत्रीण म्हणून दया करणार नाही, एक पूर्ण वेबसाइट करून दाखव, जमली तर नोकरी आणि राहायची सोय दोन्ही करते. प्रणिताला ती वेबसाइट करायची होती. त्याच्या नजरेसमोर राहून, त्याला न दिसता.

मी एकटी राहणारी बाई. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायचं नाही, असा मी कानाला खडा लावलेला. पण त्या शेऱ्यांमधलं 'खरं लिही' मला दोन दिवस काही सुचू देईना.

तिसऱ्या दिवशी मी क्लासमधल्या सगळ्या मशीनींवरून हुशार एडिटर काढून टाकले. फक्त नोटपॅड ठेवलं. एकट्या तिच्या मशीनवर ते ठेवलं असतं तर डोळ्यावर आलं असतं. पोरांना सांगितलं, पाया पक्का व्हायचा तर परीक्षेपर्यंत सगळ्यांनी यातच लिहायचं. पोरं भडकली. मॅडम आम्हाला वीस वर्षं मागे नेतायत, म्हणाली. त्यातली निम्मी महिन्याभरात दुसऱ्या क्लासला गेली. कोणालाही खरं कारण सांगितलं नाही.

मग आमचा क्रम बसला. प्रणिता कोपऱ्यातल्या मशीनवर भाग्यश्रीची वेबसाइट लिही आणि ती थेट माझ्या पेनड्राइव्हवर ठेवी. एरवी तो पेनड्राइव्ह कपाटाच्या किल्लीबरोबर माझ्या कमरेला असे. त्याच वेळी मी माझ्या टेबलावर तिचा वर्गपाठ लिही, घरी नेऊन दाखवायला. त्यात मुद्दाम चार चुका सोडी. शिरीषला चुका सापडायला हव्या असत. चूक सापडली की तो रात्री शांत असतो, असं ती म्हणाली होती.

तिने एक कापडी पिशवी माझ्या कपाटात ठेवायला दिली होती. त्यात काय आहे हे मी विचारलं नाही. दर आठवड्याला पिशवी थोडी जड होत होती, एवढं मात्र जाणवत होतं.

एप्रिल लागला. जालन्याचा उन्हाळा. नळाला दहा-बारा दिवस पाणी नाही, मागच्या गल्लीत टँकरसमोर घागरींची रांग. प्रणिताचा हात आता भराभर चालत होता. रंग नाहीत, चूक दाखवणारं काही नाही, तरी ती ओळीमागून ओळी लिही आणि पान उघडून पाहिलं की ते पहिल्या झटक्यात नीट दिसे. मला तिचा अभिमान वाटायला लागला होता. आणि नेमकी तेव्हाच मनात पाल चुकचुकायला लागली. कारण हॉर्न आता लवकर वाजायला लागला होता. आधी सुट्टीच्या वेळी, मग त्याच्या थोडं आधी, आणि एक दिवस वाजलाच नाही. मी खिडकीतून पाहिलं तर स्कूटर रिकामी होती.

तो काचेच्या दाराबाहेर उभा होता. कधीपासून, कोण जाणे. हेल्मेट हातात होतं.

प्रणिताची बोटं थांबली. तिने पेनड्राइव्ह उपसला आणि रुमालासारखा मुठीत घेतला. नोटपॅड मिटलं, दुसरं उघडलं. हे सगळं मान न हलवता. मी दार उघडलं.

तो हसून आत आला. नमस्कार केला. उन्हाचं विचारलं. उरलेली पाच-सात पोरं एकेक करून उठून गेली. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं.

"मॅडम, एक विनंती होती," तो म्हणाला. त्याने खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही नोटपॅडवर शिकवता असं ही म्हणाली. त्रास होतो हो मुलांना. मी आमच्या घरी जो सेटअप केलाय तो तुमच्या सगळ्या मशीनींवर टाकून देतो. फुकट. म्हणजे घर आणि क्लास एकच होईल."

मी म्हटलं, परीक्षेपर्यंत मी काही बदलणार नाही. पाया पक्का व्हायला हवा. पोरांना सांगितलेलंच मी त्यालाही सांगितलं.

तो मान डोलवत ऐकत होता. मग तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि तिच्या पडद्याकडे बघत, बोलला मात्र माझ्याशी.

"तुम्हाला एक विचारू का? हिच्या चुका तुम्ही सुधारता का?"

"शिकवते. सुधारायच्या तिने."

"नाही, असं की, हल्ली हिच्या चुका बदलल्यात." त्याचा आवाज अजून मऊच होता. "ही टॅग बंद करायला विसरायची. कायम. आता टॅग सगळे बंद असतात, पण स्पेलिंग चुकतं. गणितवाली, काटेकोर आहे, स्पेलिंग हिचं कधी चुकत नाही. आणि ओळ आत सरकवायला ही टॅब दाबायची. आता चार वेळा स्पेस असते. मॅडम, माणूस अक्षर बदलू शकतो. चुका बदलू शकत नाही. चुका म्हणजे सही असते."

प्रणिताचा चेहरा मला दिसत नव्हता. तिच्या मानेवर घामाची एक ओळ उतरत होती. त्या क्षणी मी काय बोलते यावर सगळं होतं. एक शब्द जास्त झाला असता तरी त्याला तो पुरला असता.

मी उठून तिच्या मशीनपाशी गेले आणि नोटपॅडमध्ये टॅबची कळ दाबली. पडद्यावरची लुकलुकणारी रेघ एकदम पानाच्या आत उडाली.

"बघा," मी म्हणाले. "यात टॅब एवढा आत जातो. चार पायऱ्या झाल्या की ओळ पडद्याबाहेर. म्हणून मीच सगळ्यांना स्पेस मारायला लावलंय. आणि घरच्या एडिटरमध्ये स्पेलिंग चुकलं की शब्दाचा रंग बदलतो, इथे रंग नाही. टॅगचं म्हणाल तर टॅग बंद करा म्हणून मी रोज कानीकपाळी ओरडते. हत्यार बदललं, मुळे साहेब. चुका बदलणारच."

त्याने स्वतः टॅब दाबून पाहिला. पुन्हा दाबून पाहिला. मग माझ्याकडे वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, शोधणं होतं.

"पटतंय," तो म्हणाला आणि उठला. "उत्तर चांगलं आहे." पेनड्राइव्ह खिशात टाकला. "पण हिला आता पुरे झालं. उद्यापासून ही घरी माझ्याकडेच शिकेल. आवर गं. मी खाली थांबतो."

जिन्यावर त्याची पावलं सावकाश उतरत गेली.

मी तिच्याकडे वळले. तिने मूठ उघडली होती आणि पेनड्राइव्ह पुन्हा मशीनला लावत होती.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"संपर्काचं पान."

"राहू दे ते. आहे तेवढं पाठवू."

"नको, मॅडम," ती म्हणाली. "पूर्ण करून पाठवते."

खाली तो थांबलेला, वर ती टाइप करत होती. मी खिडकीच्या कडेला उभी राहून त्याच्यावर नजर ठेवली. तो स्कूटरवर बसला होता. एकदा त्याने घड्याळ पाहिलं. एकदा वर पाहिलं, मी मागे सरले. मी आयुष्यात कोणाच्या टायपिंगचा आवाज एवढा जीव मुठीत धरून ऐकला नाही. ती घाई करत नव्हती. एका ठिकाणी थांबून तिने लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं.

शेवटी तिने पान उघडून पाहिलं, मान हलवली आणि माझ्या टेबलावरच्या मशीनवरून सगळं भाग्यश्रीला पाठवलं. मग कपाटाकडे हात केला. मी कपाट उघडलं. तिने पिशवी काढली. तेव्हा आतलं दिसलं. दोन ड्रेस, गुणपत्रिका, आधार कार्ड, आणि वाशीमच्या शाळेचा अनुभवाचा दाखला.

"उत्तराची वाट नाही बघायची?" मी विचारलं.

"आता गेले नाही तर उत्तर येईल तेव्हा मला घराबाहेर पडताच येणार नाही."

आमच्या इमारतीला मागून लोखंडी जिना होता, टँकरच्या गल्लीत उतरणारा. माझ्या पर्समधलं होतं नव्हतं ते मी तिच्या हातात कोंबलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती आधीच पायऱ्या उतरत होती. घागरींच्या रांगेतल्या बायकांनी तिला वाट करून दिली. पिशवी घेतलेली एक बाई, कोणाचंच लक्ष जाऊ नये अशी. कोपऱ्यावर तिने रिक्षा थांबवली आणि ती दिसेनाशी झाली.

मी परत येऊन टेबलापाशी बसले. तिला गाडी मिळायला वेळ हवा, एवढंच डोक्यात होतं. नंतर तो वर आला.

"प्रणिता?"

"गेली," मी म्हणाले.

"कुठे?"

"मला सांगितलं नाही."

त्याने मागच्या दाराकडे पाहिलं. धावला नाही. तिच्या खुर्चीवर जाऊन बसला, नोटपॅड उघडलं. कोरं पान आलं. यादी शोधली, फाइली शोधल्या. काही नव्हतं. त्या कोऱ्या पानाकडे तो इतका वेळ बघत बसला की मला भीती वाटायला लागली.

"यात काहीच राहत नाही," तो म्हणाला.

"नाही."

तो उठला. खुर्ची नीट आत सरकवली. दारात जाऊन वळला.

"माझ्या लक्षात राहतं, मॅडम."

पोलीस आले. पण प्रणिताने नाशिकला पोचताच भाग्यश्रीला सोबत घेऊन तिथल्या पोलीस ठाण्यात लिहून दिलं होतं, की मी माझ्या मर्जीने घर सोडलं आहे. हवालदाराने मला दोन प्रश्न विचारले, पाणी प्यायला आणि गेला. माणसं मात्र बोलायची थांबली नाहीत. अंबेकरबाईंनी, म्हणजे मी, एक घर मोडलं, असं गावात झालं. शिरीष मला एका शब्दाने कधी बोलला नाही. त्याने फक्त एक केलं. रोज अकराला तो गल्लीत स्कूटर लावी आणि हेल्मेट घालून माझ्या खिडकीकडे बघत बसे. रजा काढून, पावसाळाभर. आयांनी मुली पाठवणं बंद केलं. दिवाळीला मी क्लासला कुलूप लावलं आणि घरी बसून कामं घ्यायला लागले.

प्रणिताला मीच निरोप धाडला होता, की मला फोन करू नकोस, पत्र लिहू नकोस, तो माझ्यावर नजर ठेवून असेल. तिने ते पाळलं. ती तिथे कामाला लागली एवढं भाग्यश्रीकडून एकदा कळलं, आणि पुढे कोर्टातून घटस्फोट मिळाला तेही. ती हसते का, नीट झोपते का, हे विचारायचं राहिलं.

याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज कोवळा होता, विशीतला असावा.

"अंबेकर मॅडम का? मी सौ. मुळे बोलतेय. शिरीष मुळेंची मिसेस."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मला प्रणिताताईंचा पत्ता हवा होता," ती म्हणाली. "म्हणजे नंबर. काही नाही, सहज बोलायचं होतं."

सहज हा शब्द तिने पाठ केल्यासारखा उच्चारला. की मलाच तसा वाटला? ही पोर स्वतःहून विचारते आहे, की तो शेजारी बसून विचारायला लावतो आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मी कान देऊन ऐकलं. पंखा, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. दुसरा श्वास ऐकू येतो का ते पाहिलं. आला असं वाटलं, नाही असंही वाटलं.

"तू एकटी आहेस का, बाळा?"

"हो," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

पत्ता द्यावा तर प्रणिताची गठडी वळून त्याच्या हातात दिल्यासारखं. न द्यावा तर ही पोर कदाचित बुडत असताना तिचा हात झटकल्यासारखं.

"प्रणिता कुठे आहे मला माहीत नाही," मी सांगितलं. "पण मी कुठे आहे ते सांगते. संभाजीनगरच्या रस्त्याला, दत्तमंदिराच्या मागे, पहिला मजला. मी दिवसभर घरी असते. कधीही ये. फोन करून विचारू नकोस. कारण सांगायची गरज नाही. नुसती ये."

पलीकडे शांतता होती. कोणीतरी पेन शोधत असावं तशी, किंवा कोणीतरी कोणाकडे तरी पाहत असावं तशी. मग फोन ठेवला गेला.

तेव्हापासून जिन्यावर पावलं वाजली की मी उठून दारापाशी जाते. कडी काढायच्या आधी कान देते. पावलं एकाची आहेत की दोघांची, ते मोजते.